तलाव भरला, बांध्या कोरड्या

२८ एप्रिल

मडकं फुटलं. शेजारचा बोकड खुंटा उपटून घरात शिरला, आणि साऱ्या घरात पाय मारायला त्याला तेवढंच सापडलं.

पाण्याचं मडकं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण हे आचलचं मडकं. मोठ्या मडक्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं, लहान मडक्यात तिच्या औषधाची बाटली. दवाखान्यातल्या सिस्टरनं तसं शिकवलं होतं आणि त्यावर आम्ही दोन उन्हाळे काढले. बाटली वाचली, रेतीवर पडली म्हणून.

ऊन असं की तलावाकाठचा बगळासुद्धा चोच उघडी टाकून उभा. औषध तापलं की त्यातला जीव जातो, एवढं मला पाठ आहे. आणि ते गेलं की माझी नात गेली. चौदा वर्षांची पोट्टी. सकाळ-संध्याकाळ आपल्या हातानं पोटात सुई घेते, हूं की चूं करत नाही. भूपेश आणि साधना, म्हणजे तिचे मायबाप, मिरची तोडायला तेलंगणात गेले तेव्हा तिला माझ्या पदरात टाकून गेले. "आई, औषधाकडं ध्यान ठेवजो." माझा लेक एवढंच बोलला. जास्त बोलायची त्याला सवयच नाही.

कुंभाराकडे गेले तर दाराला कुलूप. लग्नाला गेला म्हणे, मुक्कामीच. आज बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी ठेवली आहे. दर घटकेला उठून फडकं भिजवते. माझ्यानं किती होणार?

२९ एप्रिल

तोड निघाली. इस्तारीभाऊ देवासारखा आला.

इस्तारीभाऊ आमच्या मच्छी सोसायटीचा अध्यक्ष. तलावाची मच्छी त्याच्याच गाडीतून चंद्रपूरला जाते. मला फडकं भिजवताना पाहिलं आणि हसायला लागला.

"कमळाबाई, फडक्यानं का होते? मेलेली मच्छी बाजारापावतर ताजी राह्यते माह्या बर्फात. तुमचं औषध काऊन नाई राह्यणार?"

खरंच की! ढिवराच्या घरात जन्म गेला, बर्फात हात घालून बोटं वाकडी झाली, आणि मला हे सुचू नये. त्यानं थर्माकोलची एक लहान पेटी दिली. रोज गाडी आली की बर्फही देतो म्हणाला. बर्फ आणखी गार व्हावा म्हणून त्यावर खडेमीठ मारायचं, ही अक्कल आमच्या लोकांना कोणी शिकवावी लागत नाही. मीठ पडलं की बर्फ असा गारठतो की बोट चिकटतं.

बाटली डबीत घातली. डबी बर्फात पुरली. वरून मीठ, त्यावर गोणपाट. मडक्यापेक्षा दहापट थंड! आता ऊन काय करतं ते बघते.

३ मे

दुपारी आचलचं विज्ञानाचं पुस्तक वाचत बसले. शाळा उघडली की ती दहावीत जाईल, पुस्तक आत्ताच कोणाचं तरी जुनं आणलं आहे. मी साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकले तेव्हा डोक्याचे केस पिकायला लागले होते. तेव्हापासून पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत टाकत नाही. पण हे पुस्तक पुडीच्या कागदासारखं नाही. एकेक ओळ बोट ठेवून वाचावी लागते.

अंगात बारीक बारीक पेशी असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक. आपण खातो त्या भाताची साखर होते, ती रक्तातून पेशीपर्यंत जाते. तिथे तिचे आधी दोन तुकडे होतात. मग पेशीत तंतुकणिका म्हणून एक असते. मी तिला चूल म्हणते. ते तुकडे तिच्यात जातात, आपण घेतलेला श्वास तिथे लागतो, आणि त्यातून अंगाला बळ निघतं. पण एकदम भडका नाही हां! थोडं थोडं. आख्खा ओंडका कोणी चुलीत घालतं का? काड्या करून घालावा लागतो, तसंच. त्या बळाच्या काडीला पुस्तकात एटीपी नाव आहे. हात हलवायला काडी, डोळा मिटायला काडी, रडायलाही काडीच.

आचलला म्हटलं, मग तुझ्या बिमारीत बिघडतं कुठे?

ती म्हणाली, "आजी, तलाव पाय ना आपला. पानी भरून आहे. पन तुडुमच नाई उघडलं तं बांध्यांत पानी जाईन का?"

असं कोणी मला आजवर सांगितलं नव्हतं. रक्त म्हणजे तलाव. पेशी म्हणजे धानाच्या बांध्या. हे औषध म्हणजे तुडुमाचं, तलावाच्या मोरीचं, दार उघडणारा माणूस. तो आला नाही तर तलाव तुडुंब, साखर सांडव्यावरून लघवीत वाहून चालली, आणि खाली धान वाळून चाललं. भरल्या घरी उपाशी मरण!

"माह्या अंगात तो मानूसच नाई," ती हसून म्हणाली, "म्हणून बाटलीतून बोलवा लागते."

चौदाव्या वर्षी पोरीनं असं हसावं? मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी सुई भरताना म्हणत होती, "आजी, औषधात कनकन दिसून राह्यले." अंधारून आलं की माझ्या डोळ्यांना बाटलीचं बूच दिसत नाही धड. म्हटलं, खाली बसलं असेल जरा, हातावर चोळ आणि घे.

६ मे

पाणी पिते आणि पिते. रांजण अर्धा झाला. घडोघडी बाहेर जाते. मागच्या वर्षी शिवलेला फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला.

हे मला ओळखीचं आहे. बिमारी पहिल्यांदा आली तेव्हा असंच झालं होतं.

७ मे

दवाखान्याची आशाताई, प्रेमिला, आली. बोटाला टोचून साखर पाहिली. यंत्रावर आकडाच येईना, नुसती इंग्रजी अक्षरं. म्हणजे यंत्राच्या बाहेर गेली साखर.

"काय खाल्लं हिनं? सुई टोचते ना बरोबर?"

"माझ्यासमोर टोचते. एक वेळ चुकली नाही."

"औषध थंड आहे ना?"

"माझ्या हातापायांपेक्षा थंड आहे बाई."

तिनं मान डोलावली. आचलकडे बघून म्हणाली, "मंग पोट्टी काहीतरी चोरून खाऊन राह्यली. लगनाचे दिवस हायत, घरोघरी बुंदी हाये. ध्यान ठेवा. आन उद्या-परवा साखर उतरली नाई तं सीधे चंद्रपूरले न्या."

आचल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली.

९ मे

आज तिला जवळ घेऊन केस विंचरत होते. तोंडाचा वास आला. पिकून उतरलेल्या आंब्याचा. चुकणार नाही माझं नाक, साठ वर्षं मच्छी वासावर पारखली आहे.

आमच्या शेंदऱ्या झाडाचे आंबे आतल्या खोलीत तणसात घातले आहेत. मीच घातले. भूपेशला आवडतात म्हणून. यंदा मी एक तोंडात घातला नाही. ज्या घरात पोरीला आंबा वर्ज्य, त्या घरात म्हातारीनं चोखत बसायचं?

विचारलं, आंबा खाल्लास?

"नाई."

तोंडाला वास येतो.

"मी नाई खाल्ली आजी. देवाशपत."

मी आवाज चढवला. नको ते बोलले. तुझ्या मायबापाला मी काय तोंड दाखवू, म्हटलं. एवढ्या जिभेसाठी जीव देशील काय, म्हटलं. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मले भूक लागून राह्यली, पन जेवलं का मयमय होते." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

खोटं बोलणारी पोरगी नाही ती. पण वास? वास खोटा असतो का?

१० मे

मी जेवण सोडलं. तिला सांगितलं, खरं बोलशील तेव्हा मी घास घेईन. मारण्यापेक्षा हे बरं.

११ मे

सकाळी भोवळ आली. ओसरीवर बसून होते, एकदम डोळ्यांपुढे अंधारी. आचल धावत आली, म्हणजे धावायला गेली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. धापा टाकत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एक उठू शकत नाही, दुसरी चालू शकत नाही.

माझ्याजवळ बसली. म्हणाली, "तुह्याबी तोंडाले वास येऊन राह्यला आजी. जेव आता."

म्हटलं, खरं सांग आधी.

तिनं माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "खाल्ले. दोन. तू बाजारात गेली तवा."

"कशाला गं पोरी?"

"लय गोड होते आजी. राहावलं नाई."

मी तिला पोटाशी धरलं. रागावले नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं! रोगाचं मूळ सापडलं म्हणून बरं वाटलं. मूळ सापडलं की उपटता येतं. तिनं स्वतः मला ताट वाढून दिलं आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसून राहिली. मग अंगात बळ आल्यावर तणसातले सारे आंबे पाटीत भरले आणि इस्तारीभाऊच्या घरी पोचते केले.

आता उतरेल साखर. घरात आंबा नाही, गूळ नाही, चहात साखर नाही.

१२ मे

उतरत नाही. का उतरत नाही?

सकाळपासून ओकारी. पाणीसुद्धा ठरत नाही. प्रेमिलाला विचारून औषध सुईवरची दोन घरं जास्त दिलं, आणखी एकदा दिलं. दगडावर पाणी. पुस्तकाप्रमाणे तर तुडुम उघडायला माणूस पाठवला आहे! एकाच्या जागी दीड पाठवला. मग तो दार का उघडत नाही? वाटेत मेला काय?

पुस्तक पुन्हा वाचलं. साखरेचे तुकडे, चूल, काडी, सारं लिहिलं आहे. आपली पोरगी वाळून चालली तर काय करायचं, ते कुठल्या पानावर आहे?

भूपेशचा फोन लागत नाही. मिरचीच्या वावरात रेंज नसते म्हणतात. इस्तारीभाऊची आजची गाडी गेली, उद्या सकाळी हिला चंद्रपूरलाच नेते.

शेजारची एक बाई येऊन गेली. "सुईनंच सोकून राह्यली पोट्टी. बंद करा ते इंग्रजी औषध, मांत्रिकाले दाखवा." एक क्षण, खोटं का लिहू, एक क्षण वाटलं की करावं बंद. माणूस बुडताना शेवाळही धरतो. मग आचलकडे पाहिलं. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आणि तरी हळूच मान हलवली तिनं. नको, असं.

वास आणखी वाढला आहे. घरात आंब्याची साल नाही आणि वास वाढतो आहे! मला काही कळत नाही. माझं डोकं चालत नाही. देवा, मी मच्छी विकणारी बाई. इतकं बारीक, डोळ्यालाही न दिसणारं, त्याच्याशी मी कशी भांडू? दिसलं असतं तर दातांनी तोडलं असतं.

१३ मे

चंद्रपूरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर मी ओरडेन.

सकाळी हाक मारली तर ओ देईना. डोळे अर्धे उघडे. श्वास मात्र असा खोल खोल, जशी तलाव पोहून आली. निजलेलं माणूस असा श्वास घेतं का? मी बाहेर येऊन काय ओरडले ते आठवत नाही. इस्तारीभाऊ बनियनवरच धावत आला. गाडीत सकाळची मच्छी भरलेली होती. साऱ्या पाट्या रस्त्यावर उतरवल्या, तशाच सोडल्या. मी म्हटलं, भाऊ, मच्छी... "नासू द्या वं बाई. धरा पोट्टीचं डोस्कं."

मच्छीच्या पाण्यात गोणपाट अंथरून तिला निजवलं. जाताना पेटीतली औषधाची डबीही उचलली मी. तिथे मिळालं नाही तर? सारा रस्ता तिचं डोकं मांडीवर, आणि तो वास. तलावाच्या पाळीवरून गाडी वळली. तलाव उन्हात चमकत होता, भरलेला. मी तिकडे पाहू शकले नाही.

तिला आत नेलं. दार लावून घेतलं. मला आत जाऊ देत नाहीत.

१३ मे, संध्याकाळ

डॉक्टरीणबाई बाहेर आली. वयानं लहान, साधनाहूनही लहान असेल. म्हणाली, "आजी, फार उशीर नाही झाला, पण वेळ कठीण आहे. आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघू." मग म्हणाली, "घरचं औषध आणलंय का?"

मी डबी दिली. तिनं बाटली उजेडात धरली. फिरवली. पुन्हा धरली. काचेला आतून पांढरं पांढरं चिकटलेलं, फाटलेल्या दुधासारखं. ते मला माझ्या डोळ्यांनी दिसलं! उजेडात धरायची एवढीच तर गोष्ट होती.

"ही कुठे ठेवली होती?"

"बर्फात."

"बर्फाला लागून?"

"पुरून. मीठ घालून. थंड राहावं म्हणून."

तिनं बाटली खाली ठेवली. इस्तारीभाऊ माझ्या मागे उभा होता.

"आजी, थंड म्हणजे मडक्याइतकं थंड. हे औषध एकदा गोठलं की संपलं. मग नुसतं पाणी टोचल्यासारखं."

इस्तारीभाऊच बोलला, "मॅडम, म्याच सांगतलं यायले. माहीच पेटी आहे, माहाच बर्फ आहे. यायले काही नोका बोलू." आणि एवढा थोराड गडी, ज्यानं पुरात डोंगा घातला आहे, तो दवाखान्याच्या भिंतीला डोकं लावून उभा राहिला.

डॉक्टरीण कोणालाच काही बोलली नाही. तिनं बोलायला पाहिजे होतं.

तुडुम उघडणाऱ्या माणसाला मी बर्फात पुरून मारलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचं मढं पोरीच्या अंगात पाठवत होते. नीट घेतलीस ना सुई, असं वर विचारत होते.

१४ मे

डोळे उघडले नाहीत. हाताला नळ्या. एक मिनिट आत सोडलं होतं. तळवा गार.

१४ मे, दुपार

डॉक्टरीणबाई जेवायच्या वेळेला पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. तिनं का बसावं माझ्याजवळ? मी तिला वासाचं विचारलं. म्हटलं, बाई, तिनं आंबे खाल्ले होते, त्याचा वास इतके दिवस राहतो का?

ती म्हणाली, तो आंब्याचा वास नव्हता. पेशीला साखर मिळाली नाही की ती उपाशी बसत नाही. अंगातली चरबी जाळायला लागते. त्या जाळण्यातून एक आंबट विष निघतं, रक्तात साठतं. त्याचाच वास श्वासाला येतो, पिकल्या फळासारखा. ते विष बाहेर टाकायला अंग खोल खोल श्वास घेतं.

मला चूल दिसली. सरपण दाराबाहेर रचून ठेवलेलं, दार बंद. आत घरधनी थंडीनं कुडकुडतो आहे. मग तो काय करील? खाटेचे पाय मोडून घालील, वासे काढून घालील. घर जगवायला घरच जाळील. त्याचा धूर म्हणजे तो वास. ती माझ्या मांडीवर जळत होती आणि मी तिचं तोंड हुंगून तिला चोर ठरवलं.

"उपास केला तरी थोडा येतो तसा वास," डॉक्टरीण म्हणाली.

तुह्याबी तोंडाले वास येऊन राह्यला आजी.

आंबे तिनं खाल्ले ते खाल्लेच, कबूल केलं आहे तिनं. पण दोन आंब्यांनी एवढं झालं नसतं. झालं ते माझ्यामुळे झालं. हे मी भूपेशला कसं सांगू?

१५ मे

इस्तारीभाऊनं कसाबसा निरोप पोचवला, भूपेश आणि साधना आले. बस, मग ट्रक, मग पुन्हा बस. दोघांच्या बोटांना अजून मिरचीची आग. डोळे पुसता येत नाहीत त्यांना.

मी सारं सांगितलं. बर्फ, मीठ, कण, सारं. भूपेशनं ऐकून घेतलं. साधना म्हणाली, "आई, तुम्ही जेवल्या का?" त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर मी उभी राहिले असते. बसले खाली तिथेच.

आत अजून तसंच आहे. कुठे जाऊ मी? कोणत्या देवाला सांगू? मी तर नातीचीच चूल विझवणारी बाई.

१६ मे

नवीन औषध थेंब थेंब जात आहे. डॉक्टरीण म्हणते साखर उतरते आहे, पण हळूहळू उतरवावी लागते. एकदम तुडुम फोडलं तर बांध वाहून जातो, हे मला समजतं. आमच्या तलावावर एकदा झालं आहे तसं.

खिडकीतून पाहिलं. श्वास आता तितका खोल नाही. का कमी झाला? बरी होते म्हणून, की दमली म्हणून? विचारायची हिंमत झाली नाही.

सारा दिवस मनातल्या मनात तिच्या अंगात फिरत होते. एकेका पेशीच्या दाराशी जाते आणि म्हणते, घे गं बाई, घे एक घास. दार उघड. साखर आली आहे. तुकडे कर, चुलीत घाल. एक काडी पेटव. फक्त डोळे उघडण्यापुरती एक.

१७ मे

पेटली.

सकाळी डोळे उघडले. सर्वांत आधी बापाला म्हणाली, "बाबा, मिरची झाली का?" भूपेश इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला, आणि हात डोळ्याला लावला, आणि मग आग झाली म्हणून आणखी रडला. साधना रडता रडता हसली.

मग आचल माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, इतकुशी झाली वं तू."

२६ मे

घरी आलो. दारात नवीन मडकं, दोन मडकी, एकात एक. रेती आधीच ओली करून ठेवलेली. कोणी ठेवलं ते विचारावं लागलं नाही. इस्तारीभाऊ पलीकडे जाळं शिवत बसला होता, वर पाहत नव्हता.

आचल म्हणाली, "इस्तारीआबा, बर्फ नाई आनला का?"

मला वाटलं आता हा उठून जातो. तो म्हणाला, "आनतो ना. तुले पुरतो त्याच्यात. तोंड तरी बंद राहीन." आणि दोघं हसली. मी आत जाऊन बाटली उजेडात धरून पाहिली. आता रोज पाहते. साधं पांढरं, एकसारखं, ताकासारखं.

थर्माकोलची पेटी त्याला परत दिली. बर्फ मच्छीला चांगला. मेलेल्याला जपतो तो.

मनात एक राहून गेलं आहे. तिला आंब्यावरून इतकं बोलले. खाल्ले असले तरी काय झालं, पोरगीच ती. पण अजून माफी मागितली नाही. कशी मागायची असते नातीजवळ?

८ जून

डॉक्टरीणबाईनं एक फोड चालेल म्हणून सांगितलं, सुईचा हिशेब धरून. शेंदऱ्याच्या शेंड्याला पाडाचा एकच उरला होता, भूपेशनं काढला. मी आपल्या हातानं कापून फोड दिली. आचलनं जिभेवर ठेवली आणि डोळे गच्च मिटले.

"आंबट हाय वं आजी! यंदा साराच असा होता का?"

पलीकडून इस्तारीभाऊ ओरडला, "साराच! तुह्या आजीनं पाटीभर देल्ला, लोणचं घाला लागलं आमाले."

मी सुरी खाली ठेवली. लय गोड होते, असं तिनं सांगितलं होतं.

तिनंही ओळखलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जेवत नव्हती ना."

आणि साल चोखत राहिली.